सदोष वाहने परत बोलावण्याचा कायदा आणि वाहनधारकाची तक्रार

(रबाळे, नवी मुंबई येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्यापाशी सकाळच्या वेळी उभे राहिले, म्हणजे महाराष्ट्रातील वाहनांचे जणू प्रदर्शनच पुढून सरकत असल्याचा भास होतो. औद्योगिक वसाहतीत कच्चा माल घेऊन शिरणारे मालट्रक, कामगारांच्या बसगाड्या, शाळकरी मुलांच्या व्हॅन, महापालिकेच्या घंटागाड्या आणि या सर्वांमधून वाट काढणाऱ्या मोटारी. यांपैकी प्रत्येक वाहनाच्या चालकाच्या उजव्या पायाखाली एक लहानशी पट्टी असते. पुस्तकात तिला गतिवर्धक म्हणतात, कारखान्यात ॲक्सिलरेटरचे पेडल म्हणतात, आणि चालकांच्या बोलीत तिचे नाव नुसते 'रेस' असे आहे. रेस सोडली की गाडी मंदावणार, हा चालकाचा विश्वास इतका पक्का असतो की तो त्याचा कधी विचारही करीत नाही. रस्ता ओलांडणारा पादचारी, व्हॅनमधील मूल आणि पुढच्या दुचाकीवरील कामगार हे सर्वजण या एका विश्वासावर विसंबून असतात.

पाय उचलूनही वेग कमी झाला नाही, तर मात्र काय करावे, कोणाला सांगावे आणि त्या सांगण्याचे पुढे काय होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दोष एका गाडीत असेल तर प्रश्न मेकॅनिककडे सुटतो. तोच दोष एकाच साच्यातून निघालेल्या हजारो गाड्यांत असेल, तर त्याला मेकॅनिक पुरा पडत नाही. तेथे कायद्याने काम करावे लागते. त्या कायद्याचे नाव व्यवहारात 'रिकॉल', म्हणजे विकलेली वाहने उत्पादकाने दुरुस्तीसाठी परत बोलावणे.

जुनी केबल आणि नवी तार

पूर्वीच्या मोटारींत पेडल व इंजिन यांना जोडणारी एक पोलादी केबल किंवा सळई असे. पाय दाबला की केबल ओढली जाई व इंजिनास अधिक इंधन मिळे. पाय उचलला की स्प्रिंग सर्व यंत्रणा मूळ जागी आणीत असे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी ज्यांनी चालविल्या, त्यांना केबलचे तंतू सुटणे, स्प्रिंग सैल पडणे आणि किनाऱ्याच्या दमट हवेने गंज चढणे हे प्रकार नवे नव्हते. पेडल अडकले तर बुटाचे टोक त्याखाली घालून ते वर उचलावे, ही युक्ती जुना चालक नव्या चालकाला शिकवीत असे. हा दोष डोळ्यांना दिसत असे आणि हातांनी दुरुस्त करता येत असे.

आजच्या बहुतेक मोटारींत ही केबल राहिलेली नाही. पेडलपाशी बसविलेले संवेदक पाय किती दाबला हे मोजतात आणि तो संदेश विजेच्या तारेतून इंजिनाच्या नियंत्रकाकडे जातो. सुरक्षिततेसाठी संवेदक सहसा दोन असतात. दोघांची मोजणी जुळली नाही, तर नियंत्रक इंजिनाची शक्ती आपोआप आखडती घेतो. व्यवस्था चांगली आहे. तथापि पेडल ही शेवटी हलणारी वस्तू आहे, आणि हलणारी वस्तू झिजते, चिकटते किंवा एखाद्या दुसऱ्या वस्तूत अडकते. शिवाय येथे काय बिघडले आहे ते रस्त्याकडेच्या मेकॅनिकला नुसत्या नजरेने कळत नाही. म्हणूनच दोष शोधण्याची जबाबदारी उत्पादकावर आणि शासनावर पूर्वीपेक्षा अधिक येते.

एक तोंडी तक्रार

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण टोयोटा या जपानी कंपनीचे आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सँटी या गावाजवळ, एक लेक्सस मोटार अनावर वेगाने धावत जाऊन उलथली व पेटली. आतील चौघेही मृत्युमुखी पडले. चालक स्वतः महामार्ग पोलिस दलातील अधिकारी होता. वाहन चालविण्यात तो कच्चा होता, असे कोणी म्हणू शकत नव्हते. मोटार त्याची स्वतःची नव्हती. त्याची गाडी दुरुस्तीला गेली असल्याने विक्रेत्याने तात्पुरती दिलेली होती. तपासात असे दिसून आले, की तिच्यात दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी चटई घातलेली होती आणि पेडल त्या चटईखाली अडकले असावे.

याच तपासातील एक बाब प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावी अशी आहे. अपघाताच्या काही दिवस आधी हीच मोटार दुसऱ्या एका ग्राहकाला देण्यात आली होती. त्याचेही पेडल चटईत अडकले, परंतु त्याने प्रसंगावधान राखून ते सोडविले. गाडी परत करताना त्याने ही गोष्ट विक्रेत्याच्या कार्यालयातील स्वागतकक्षात सांगितली. ते सांगणे पुढे सरकले नाही. कागदावर आले नाही, कार्यशाळेपर्यंत गेले नाही, चटई बदलली गेली नाही. यंत्राचा दोष तर होताच. पण तो कळूनही नोंद न होणे हा दुसरा आणि अधिक जीवघेणा दोष होता. आपल्याकडील किती कार्यालयांत लोकांच्या तक्रारी अशा खिडकीवरच विरून जातात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या अपघातानंतर कंपनीने चटईत पेडल अडकण्याच्या कारणावरून अमेरिकेत सुमारे ४० लाख मोटारींबाबत कारवाई सुरू केली. एवढ्यावर ते थांबले नाही. २१ जानेवारी २०१० रोजी आणखी सुमारे २३ लाख मोटारी परत बोलावण्याचे जाहीर झाले. या वेळी कारण चटई नव्हते, पेडलच चिकटत होते. त्यामागील कारण मोठे उद्बोधक आहे. केबल गेल्यामुळे पेडल पायाला फार हलके लागे. चालकाला जुन्या गाडीसारखा परिचित अडसर जाणवावा, म्हणून पेडलच्या आत मुद्दाम घर्षण करणारा एक भाग बसविला होता. हा भाग झिजला आणि त्यावर दमटपणा साचला, की त्याचे घर्षण प्रमाणाबाहेर वाढे व पेडल परत येण्यास उशीर करी किंवा अर्ध्यावरच थांबे. केवळ परिचयाच्या सुखासाठी घातलेला भाग असा धोक्याचा ठरला. दुरुस्ती मात्र अगदी साधी निघाली. पोलादाची एक लहान पट्टी आत बसवून ते घर्षण कमी करण्यात आले.

कंपनीने दुरुस्तीची पद्धत युरोपातील वितरकांना सप्टेंबर २००९ मध्येच कळविली होती. अमेरिकेच्या कायद्यानुसार सुरक्षिततेचा दोष ठरल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत तो शासनाला कळवावा लागतो. येथे काही महिने गेले. या विलंबाबद्दल २०१० साली सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड झाला. पुढे, ग्राहकांना व शासनाला अपुरी माहिती दिल्याच्या आरोपाचा फौजदारी तपास १२० कोटी डॉलर भरण्याच्या कराराने मार्च २०१४ मध्ये मिटला. दुरुस्तीची पट्टी काही रुपयांची, आणि ती लपविण्याची किंमत एवढी! दरम्यान दोष इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत असावा, असा संशय अनेकांनी व्यक्त केला होता. त्याची तपासणी अमेरिकन शासनाने 'नासा' या अंतराळ संस्थेच्या अभियंत्यांकडून करविली. मोटारी अनावर वेगाने धावण्यास जबाबदार ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही, असे फेब्रुवारी २०११ च्या अहवालात नमूद झाले.

याहून अलीकडचे उदाहरण एप्रिल २०२४ मधील आहे. टेस्ला कंपनीने सायबरट्रक नावाची ३,८७८ वाहने परत बोलावली. पेडलवर बसविलेले धातूचे आवरण निसटून पुढच्या भागात अडकू शकत होते. आवरण चटकन बसावे म्हणून जोडणीच्या कामात साबणाचा वापर सुरू झाला होता, आणि त्या बदलाला रीतसर मंजुरी नव्हती. साबणाचा अंश राहिला व पकड सैल झाली. हे वाहन भारतात विकले जात नव्हते. पण रबाळ्यासारख्या वसाहतीत जेथे सुटे भाग, रबर, धातूकाम यांचे कारखाने शेजारी शेजारी आहेत, तेथील पर्यवेक्षकाला या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतातील तरतूद

भारतात सदोष वाहने परत बोलावण्याची जबाबदारी दीर्घकाळ उत्पादकांच्या इच्छेवर होती. जुलै २०१२ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे 'सियाम'ने, एक स्वेच्छा संहिता स्वीकारली. तिने चांगली सुरुवात करून दिली, परंतु ती कायदा नव्हती. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि चित्र पालटले. वाहनातील दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरील अन्य लोक अथवा पर्यावरण यांना अपाय होण्याचा संभव असेल, तर ती वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र शासन उत्पादकाला देऊ शकते. दोषाची वार्ता ठरावीक प्रमाणातील वाहनधारकांकडून येवो, चाचणी संस्थेकडून येवो वा अन्य मार्गाने येवो, ती ग्राह्य आहे. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग वापरलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, आदेशाच्या कक्षेत येतात. पेडलसारखा भाग एकाच पुरवठादाराकडून अनेक मॉडेलांना जात असल्याने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

असा आदेश झाल्यावर उत्पादकाने वाहनाची पूर्ण किंमत परत करावी, किंवा दुसरे वाहन द्यावे, किंवा दुरुस्ती करून द्यावी, असे कायदा सांगतो. ग्राहकाने पैसे मोजण्याचा प्रश्नच येत नाही. उत्पादकाला दोष स्वतःहून दिसला व त्याने शासनास कळवून कारवाई सुरू केली, तर त्याला या कलमाखालील दंड लागत नाही. ही सवलत शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण तिच्यामुळे दोष झाकण्यापेक्षा सांगणे स्वस्त ठरते. नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले असून त्यांत १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. कायद्याच्या या प्रकरणातील तरतुदी न पाळणाऱ्या उत्पादकास कलम १८२-अ नुसार एक वर्षापर्यंत कारावास किंवा १०० कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार नोंदविण्यासाठी केंद्र शासनाच्या 'वाहन' या संकेतस्थळावर सोय करण्यात आली आहे. त्याखेरीज ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील केंद्रीय प्राधिकरणालाही धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्याचा आदेश देता येतो.

महाराष्ट्राचा या व्यवस्थेशी दुहेरी संबंध आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचणीचे काम करीत आहे, आणि भोसरी येथील केंद्रीय रस्ता परिवहन संस्था १९६७ पासून. दुसरीकडे चाकण, पिंपरी, नाशिक, वाळूज हे देशातील वाहननिर्मितीचे मोठे पट्टे याच राज्यात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्र कंपनीने 'एक्सयूव्ही ७००' जातीच्या १,०८,३०६ गाड्या इंजिनाजवळील तारांचा जुडगा घासला जाऊ नये यासाठी तपासणीला बोलावल्या. त्याच वेळी 'एक्सयूव्ही ४००' या विजेच्या मोटारीच्या ३,५६० गाड्याही बोलावल्या. त्यांच्यात ब्रेकशी निगडित एका संवेदकाची स्प्रिंग नीट परत येते की नाही, हे पाहावयाचे होते. पेडल परत येण्याचा प्रश्न असा विजेच्या युगातही पिच्छा सोडीत नाही. अशी घोषणा झाली की कंपनीची नाचक्की झाली असे वर्तमानपत्रे सुचवितात. वस्तुस्थिती उलट आहे. वर्षानुवर्षे एकही वाहन परत न बोलावणारा उत्पादक अधिक संशयास्पद मानावा.

चालकाचा पाय की यंत्राचा दोष?

अधिकाऱ्यांनी येथे दोन्ही बाजूंनी सावध राहिले पाहिजे. वाहन अनावर झाले म्हणजे पेडल सदोषच होते, असे नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या मोटारींबाबत असाच गदारोळ झाला. शासकीय अभ्यासाने १९८९ साली असा निष्कर्ष काढला, की बहुतेक प्रसंगी चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला होता. तरीही उपाय यंत्रातच झाला. ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय गिअर हलू नये, अशी कडी त्या गाड्यांना बसविण्यात आली. माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र घडविणे, हाही उत्पादकाच्या कर्तव्याचा भाग आहे.

९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला पश्चिम येथे बेस्टच्या सेवेतील विजेवरची बस गर्दीत घुसून अनेकांचे प्राण गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक पाहणीत बसमध्ये यांत्रिक बिघाड आढळला नाही आणि क्लच-गिअरच्या बसची सवय असलेल्या चालकांना स्वयंचलित बस सोपविण्यापूर्वी किती प्रशिक्षण मिळते, हा प्रश्न ऐरणीवर आला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. मात्र ज्या नगरपालिका, पंचायत समित्या व शाळा आपल्या सेवेत विजेची वाहने आणीत आहेत, त्यांनी चालकाच्या प्रशिक्षणाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांबरोबरच ठेवली पाहिजे.

अपघातानंतर वाहन जसेच्या तसे राखून ठेवणे तितकेच आवश्यक आहे. चटई कोठे होती, पेडल कोणत्या स्थितीत होते, याचा पंचनाम्यात उल्लेख नसेल आणि गाडी लगेच गॅरेजमध्ये गेली, तर चालक निर्दोष असूनही त्याला ते सिद्ध करता येणार नाही, आणि उत्पादक दोषी असूनही त्याच्यापर्यंत कोणी पोहोचणार नाही.

पेडल प्रत्यक्ष अडकल्यास काय करावे, हे प्रत्येक चालकाला तोंडपाठ हवे. ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरावा. तो पुनःपुन्हा दाबू-सोडू नये, कारण इंजिन जोरात चालू असताना ब्रेकला मिळणारे साह्य त्यामुळे संपून जाते. गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. गाडी कडेला थांबल्यावर ते बंद करावे. धावत्या गाडीची चावी काढू नये. सुकाणूचे चाक अडकण्याचा धोका असतो.

पत्र कोणाच्या घरी जाते?

रिकॉलची सूचना उत्पादक वाहनधारकाला पत्राने, संदेशाने वा दूरध्वनीने देतो. ती जाते नोंदीतील मालकाकडे. आपल्या ग्रामीण भागात जीप, व्हॅन, टेम्पो ही वाहने दुसऱ्या-तिसऱ्या हाती फिरतात. नवी मुंबईतील कंपनीने वापरून विकलेली गाडी शहापुरात किंवा मुरबाडात प्रवासी वाहून नेत असते आणि नोंद मात्र जुन्याच नावावर राहते. पत्र जुन्या मालकाकडे येते, तो ते बाजूला टाकतो, आणि गाडी तिच्या दोषासह धावत राहते. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. पत्ता बदलल्यासही ३० दिवसांत कळवावयाचे असते. या मुदती लोक केवळ कारकुनी समजतात. ग्रामसभेत घरपट्टी-पाणीपट्टीबरोबर पंचायत सदस्यांनी हा विषय एकदा काढला, तर गावातील किती गाड्या परक्याच्या नावावर चालल्या आहेत ते तेथेच उघड होईल.

शिक्षकांच्या हातीही एक साधन आहे. महाराष्ट्र शासनाने २०११ साली शालेय बसविषयी नियम केले असून त्यानुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. समितीच्या बैठकीत परवाना, विमा व योग्यता प्रमाणपत्र पाहिले जाते. योग्यता प्रमाणपत्र त्या दिवशी वाहन कसे होते एवढेच सांगते. त्या मॉडेलसाठी रिकॉल जाहीर झाला आहे काय आणि या गाडीची दुरुस्ती झाली काय, हे ते सांगत नाही. चासी क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्रात किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर ही चौकशी विनामूल्य होते. तिचे उत्तर समितीच्या इतिवृत्तात एका ओळीत लिहिता येते. चालकाने 'रेस अडकते' असे सांगितले, तर तीही ओळ तारखेसह इतिवृत्तात यावी आणि तिची प्रत वाहनमालकाला जावी. दोष नव्या गाडीत असेल, तर तीच ओळ 'वाहन' संकेतस्थळावरील तक्रारीचा आधार होते.

एक उणीव मात्र कायद्यातच आहे. सक्तीच्या रिकॉलचे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते आहेत. मुलांना शाळेत नेणाऱ्या अनेक व्हॅन आणि आडगावच्या रस्त्यांवर धावणाऱ्या जीपगाड्या याहून जुन्या असतात. त्यांच्यासाठी उत्पादक बांधलेला नाही, संकेतस्थळाचा उपयोग मर्यादित आहे, आणि केबल, स्प्रिंग व पेडलखालची चटई ही तिन्ही दर महिन्याला कोणीतरी वाकून पाहणे एवढाच उपाय उरतो. तो 'कोणीतरी' कोण, हे परिवहन समितीने पहिल्याच बैठकीत नावानिशी ठरवून घ्यावयाचे आहे.